आद्य इंडो-युरोपीय समाजात वर चढायची वाट कोणत्या दारातून जायची?

उंबरठा (धागाकर्ता)

इंडो-युरोपीय समाज (संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरे भाषा जिच्यापासून निघाल्या ती मूळ भाषा बोलणारे आणि त्यांचे वारस) म्हटलं की एक तीन मजली इमारत दाखवली जाते. वर पुरोहित, मध्ये योद्धे, तळाला गुरं-शेती सांभाळणारे, आणि इमारतीला जिनाच नाही. हे चित्र बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. हिटाइट कायदे, क्रीटमधल्या गॉर्टिनचा शिलालेख, आयर्लंडचे जुने कायदे आणि आपले ब्राह्मणग्रंथ (वैदिक यज्ञविधींचे ग्रंथ) एकापाठोपाठ वाचले तर जिना सापडतो, पण भलत्याच जागी. माझं म्हणणं असं: या समाजांत माणसाचा दर्जा रक्तापेक्षा तो कोणाच्या घरात राहतो याला जास्त चिकटलेला होता. वर जाणं असो की घसरणं, दोन्ही घराच्या दारातून व्हायचं.

'आर्य बाहेरचे की इथलेच' हा वाद इथे नको. त्यावर ढिगाने धागे आहेत, तिकडे जाऊन भांडा.

सुरुवात शब्दांपासून. लेखन नसलेल्या समाजाबद्दल भाषेवरून बोलायचं तर चार चाळण्या लावाव्या लागतात. शब्द एकमेकींपासून लांबच्या किमान तीन शाखांत हवा. ध्वनिनियमांनी तो एकाच मूळ रूपाकडे जायला हवा. अर्थ जुळायला हवा. आणि एका भाषेने दुसरीकडून तो उसना घेतलेला नसावा. यातली एक चाळणी जरी टाळली तरी पुढचं सगळं कवित्व.

आता 'जाऊ' घ्या. मराठी जाऊ, संस्कृत यातृ, होमरच्या ग्रीकमध्ये एइनातेरेस, लॅटिनमध्ये यानित्रिकेस, लिथुआनियनमध्ये येंते, जुन्या स्लाव्हमध्येही हाच शब्द. सगळीकडे अर्थ एकच, भावाभावांच्या बायका एकमेकींच्या कोण लागतात तो. भाषेला हा शब्द कधी लागतो? दोन भावांच्या बायका एकाच चुलीशी वावरतात तेव्हा. दीर (देवृ, लॅटिन लेविर, ग्रीक दाएर), सासरा (श्वशुर, सोकेर, हेकुरोस), सून (स्नुषा, नुरुस, नुओस) हेही असेच भक्कम शब्द. बायकोच्या माहेरच्या माणसांना मात्र इतका सर्वत्र टिकलेला शब्द नाही. मुलगी सासरी जायची आणि नव्या नात्यांची नावं तिलाच लागायची, हे एवढ्यावरून कळतं.

ऋग्वेदातलं १०.८५.४६ बघा: 'सम्राज्ञी श्वशुरे भव सम्राज्ञी श्वश्र्वां भव । ननान्दरि सम्राज्ञी भव सम्राज्ञी अधि देवृषु ॥' सासरा, सासू, नणंद, दीर एका श्लोकात. यातला नणंदेचा शब्द तेवढा भारतीय. जुना शब्द लॅटिनमध्ये ग्लोस आणि ग्रीकमध्ये गालोस म्हणून उरला.

---

पेंगुळलेला · वाखुसा (वाचनखूण साठवली)

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कुदळफावडे · शब्दांना हाडांची साथ

धागाकर्त्याच्या 'सासरी जायची' या भागाला आता प्राचीन डीएनएचा चांगला आधार आहे. दोन ठिकाणं सांगतो.

पहिलं नेप्लुयेव्स्की, उरल पर्वताच्या दक्षिणेला, रशियात. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचं एक थडगं (कुर्गान, म्हणजे मातीचा उंचवटा), त्यातल्या ३२ जणांचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. सहा भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, नातवंडं. सगळ्यांत थोरल्याला दोन बायका आणि आठ मुलं. बाकीच्या भावांना एकापेक्षा जास्त बायका असल्याचं दिसत नाही, मुलंही कमी. या भावांची एकही प्रौढ बहीण तिथे पुरलेली नाही. बायका बाहेरून आलेल्या. वडीलकीचा वाटा कसा दिसतो ते इथे हाडांत दिसतं. एकाच घरात, एकाच बापाच्या पोरांत दर्जाचा फरक पडलेला.

दुसरं दक्षिण जर्मनीतलं लेख नदीचं खोरं, आउग्सबुर्गच्या दक्षिणेला. २०१९चा अभ्यास, शंभराहून अधिक जनुकसंच. शेताला लागून छोट्या स्मशानभूमी, एका वाडीची एक असाव्यात तशा. चार-पाच पिढ्यांचं एकच कुळ, मुलग्यांकडून चालत आलेलं. त्यांच्या थडग्यांत खंजीर, कुऱ्हाडी, बाणाची टोकं. लहान मुलांच्या थडग्यांतही वस्तू, म्हणजे दर्जा कमावलेला नसून वारशाने मिळालेला. त्याच जमिनीत, त्याच ओळीत कुळाशी नातं नसलेली, जवळ काही वस्तू नसलेली माणसंही पुरली आहेत. घरचीच, पण घराण्यातली नाहीत. गडीमाणसं, आश्रित किंवा गुलाम, काय म्हणायचं ते म्हणा.

यात चुका कुठे होतात तेही सांगून ठेवतो. थडग्यातल्या वस्तू म्हणजे पुरणाऱ्यांनी केलेला देखावा, मेलेल्याचं बँक खातं नव्हे. लाकूड, कातडं, कापड, लोणी कुजून जातं, उरतो फक्त धातू. 'गरीब थडगं' हा शब्द जपून वापरावा तो यामुळेच. दुसरं, स्ट्रॉन्शियमचं (खडकातून अन्नपाण्यात उतरणारं मूलद्रव्य) प्रमाण मोजून बाई बाहेरची की स्थानिक ते ठरवतात. दाढेचं एनॅमल लहानपणीच घट्ट होतं, त्यात त्या वयातल्या अन्नपाण्याचा ठसा राहतो. पण शेजारच्या दोन खोऱ्यांचा खडक एकसारखा असेल तर पन्नास कोसांवरची सूनही 'स्थानिक' निघते. तिसरं, डीएनए भाषा बोलत नाही. लेख खोऱ्यातले लोक इंडो-युरोपीय बोलत होते हे संभाव्य आहे, सिद्ध नाही.

---

निळावंती · पण मग पुरुषसूक्ताचं काय?

चार वर्ण तर ऋग्वेदातच आहेत ना? आणि इराणातही तसेच गट आहेत असं वाचलंय. मग तीन मजले खोटे कसे?

---

निरुक्त_आणि_नाचणी · Re: पुरुषसूक्त

निळावंती, प्रश्न रास्त आहे. खोटे म्हणता येत नाहीत, पण त्यांच्यावर घर बांधण्याइतका पाया नाही.

ऋग्वेदात चार वर्णांची नावं एकत्र येतात ती फक्त १०.९०मध्ये, म्हणजे पुरुषसूक्तात, आणि ते सूक्त उशिराचं मानलं जातं. अवेस्तात, म्हणजे प्राचीन इराणच्या धर्मग्रंथात, पुरोहित (आथ्रवन), रथात उभा राहणारा (रथएश्तर) आणि पशुपालक-शेतकरी (वास्त्र्यो-फ्शुयंत) असे तीन गट आहेत. कारागिरांचा चौथा गट अवेस्तातल्याच यस्न १९.१७मध्ये एकदाच येतो. भारत आणि इराण या सख्ख्या बहिणी. त्यांच्यात मिळालेली गोष्ट सगळ्या कुटुंबाची म्हणता येत नाही, उंबरठा यांची पहिलीच चाळणी लागते. ज्यॉर्ज द्युमेझिल या फ्रेंच अभ्यासकांनी रोम, स्कँडिनेव्हिया, आयर्लंडच्या पुराणकथांत हेच त्रिकूट शोधलं. देवांच्या जगाची ती चौकट म्हणून पटते, पण देवांची विभागणी म्हणजे गावाची जनगणना नव्हे. आणि त्यांच्या मांडणीला मुळातच कायदे-व्यवहारापेक्षा मिथकांचा आधार जास्त.

उलट अवेस्तातली दुसरी रचना फारशी कोणी सांगत नाही, आणि ती जास्त जुनी वाटते. ती वर्तुळांची आहे: न्मान (घर), वीस् (कुळवस्ती), झंतु (जमात), दह्यु (मुलूख), आणि प्रत्येकाचा 'पइति', म्हणजे पती. वीस्पइति हाच वैदिक विश्पति, हाच लिथुआनियनमधला विएश्पात्स. घराचा धनी म्हणजे दम्पति, ग्रीकमध्ये देस्पोतेस. (आपण आज दंपती म्हणजे नवरा-बायकोची जोडी समजतो. जुना अर्थ घरधनी, द्विवचनात घरधनी आणि घरधनीण.) ही रचना वर-खाली नाही, आत-बाहेर आहे. उंबरठा यांच्या मुद्द्याला पुरुषसूक्तापेक्षा हिचा आधार मोठा.

'राजा' हा शब्दही तपासून घ्या. राजन्, लॅटिन रेक्स, आयरिश री, गॉल (प्राचीन फ्रान्समधल्या) लोकांच्या नावांमागचं -रिक्स. म्हणजे अगदी पूर्व आणि अगदी पश्चिम टोकं. मधल्या ग्रीकमध्ये नाही, तिथे वानाक्स आणि बासिलेउस.

---

चिकित्सक · घर घर काय लावलंय

शब्दांचे खेळ झाले. एखादा कायदा दाखवा, ज्यात माणूस दार ओलांडतो आणि त्याचा दर्जा बदलतो.

---

उंबरठा · Re: घर घर

दाखवतो की. हिटाइट कायदे, आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्या, दोनेकशे कलमं. सर्वांत जुन्या इंडो-युरोपीय भाषेतला हा कायदा.

आधी दर्जाचा भाव. कलम ७ आणि ८: स्वतंत्र माणसाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर २० शेकेल (वजनाचं जुनं एकक) चांदी, गुलामाचा असेल तर १०. कलम ११ आणि १२: हात-पाय मोडला, पुन्हा २० आणि १०. अर्धी किंमत. पण मुळात किंमत आहे, आणि कलम ७ स्वतःच सांगतं की पूर्वी ४० घेत, आता २०.

आता दार. कलम ३१: स्वतंत्र पुरुष आणि दासी एकमेकांवर जीव जडून एकत्र आले, घर मांडलं, मुलं झाली, आणि पुढे बिनसलं, तर घर निम्मं-निम्मं. मुलं पुरुषाची, एक मूल बाईचं. कलम ३५: गुराख्याने स्वतंत्र बाईला पळवून नेलं आणि वधूमूल्य (कुशात) दिलं नाही, तर ती तीन वर्षं दासी होते. मुदतीची गुलामी, मोजून तीन वर्षं.

आणि कलम ३६. एखाद्या गुलामाने स्वतंत्र तरुणासाठी वधूमूल्य मोजलं आणि त्याला 'अंतियंत' म्हणून घरात घेतलं, तर त्याचा दर्जा कोणी बदलू नये. 'अंतियंत' म्हणजे शब्दशः आत गेलेला. आपल्याकडे त्याला चोख शब्द आहे, घरजावई. आता 'दर्जा बदलू नये' याचे दोन अर्थ लावतात. एक: तो गुलामाच्या घरात गेला तरी स्वतंत्रच राहतो. दुसरा: तो गुलामाच्या घरचा झाला, आता कोणी त्याला सोडवायला येऊ नये. दुसरा अर्थ घेतला तर दाम मोजलं आणि उंबरठा ओलांडला की दर्जा बदलला. पहिला घेतला तर एरवी बदलत असे म्हणूनच कायद्याला नाही म्हणावं लागलं. दोन्हीकडून मुद्दा माझाच.

घरजावई थेट सिंहासनापर्यंत जायचा. तेलिपिनू या हिटाइट राजाच्या फर्मानात वारसाहक्काचा क्रम आहे: पहिल्या दर्जाच्या राणीचा मुलगा, नसेल तर दुसऱ्या दर्जाच्या राणीचा, तोही नसेल तर पहिल्या दर्जाच्या मुलीला अंतियंत नवरा आणावा आणि त्याला राजा करावं.

---

चिकित्सक · ठीक

एक उदाहरण झालं. दुसरं?

---

कुदळफावडे · दुसरं घ्या

गॉर्टिन, क्रीट बेट, इसवी सन पूर्व पाचवं शतक. कायदा भिंतीवर कोरलेला आहे, बारा रकाने, एक ओळ डावीकडून उजवीकडे तर पुढची उजवीकडून डावीकडे, नांगराच्या तासासारखी. त्यात सरळ लिहिलंय: गुलाम स्वतंत्र बाईच्या घरी जाऊन तिच्याशी लग्न करेल तर मुलं स्वतंत्र. बाई गुलामाच्या घरी गेली तर मुलं गुलाम. आई तीच, बाप तोच. फरक एवढाच की कोण कोणाच्या दारात गेलं.

---

चिकित्सक · Re: दुसरं घ्या

हे मान्य. दंडवत.

---

गोधन · सगळे दारावरच अडकलात, गोठ्याचं काय?

उंबरठा यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दार ओलांडून माणूस एका क्षणात बदलत असेल, पण घराण्याला वर जायला गुरं लागायची आणि काळ लागायचा. यासाठी आयर्लंडइतका तपशील कुठेच मिळत नाही. इसवी सन ७००च्या आसपासचा 'क्रीथ गव्लाख' नावाचा दर्जाविषयीचा ग्रंथ आहे, त्यात कोणाकडे काय हवं याची यादीच आहे.

मूळ कल्पना 'लोग न-एनेख', शब्दशः चेहऱ्याची किंमत. तुमचा अपमान झाला तर मिळणारी भरपाई. पण तेवढंच नाही. तुमची साक्ष किती वजनाची, तुम्ही किती रकमेपर्यंत करार करू शकता, हे सगळं याच आकड्यावर. चेहऱ्याच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार तुम्ही स्वतःच्या जोरावर करूच शकत नाही. हिशोबाची एककं दोन: शेद, म्हणजे साधारण अर्धी दुभती गाय, आणि कुमाल, म्हणजे तीन दुभत्या गाई. कुमाल या शब्दाचा मूळ अर्थ दासी. बाई हे चलन होतं, पुढे ते फक्त मोजमाप उरलं. या ग्रंथांची वाहवा करताना लोक हे गिळून टाकतात.

पायऱ्या, खालून:

ओगारे (लहान शेतकरी): ३ शेद.
बोआरे (शब्दशः गाईंवाला प्रतिष्ठित): ५ शेद.
आरे देसो (सर्वांत खालचा सरदार): १० शेद.
जमातीचा राजा: ७ कुमाल, म्हणजे ४२ शेद.

ओगारेच्या घरात डोकावून बघा. सात गाई आणि एक वळू, सात डुकरं, सात मेंढ्या, एक घोडा. नांगर? अख्खा नाही, चौथा हिस्सा. म्हणजे त्याचा एक बैल, फाळ, पराणी आणि दोर. चौघे मिळून एक आऊत जुंपणार. भट्टी, कोठार, गिरणी यांतही वाटा. ज्याला आपल्याकडे सावड म्हणतात, तेच, पण कायद्यात लिहिलेलं.

आणि मग ग्रंथ स्वतःच विचारतो: हा बोआरे का नाही? उत्तर इतकं ओळखीचं आहे की हसू येतं. एका बोआरेचे चार-पाच वारस असतात, मग प्रत्येकाला बोआरे होणं कसं जमणार? वाटण्या! घसरणीचं सर्वांत मोठं कारण युद्ध नाही, दुष्काळ नाही, भावांतली वाटणी. कुदळफावडे यांच्या सहा भावांच्या थडग्याशी हे लावून बघा.

आता वर जायची रीत. आरे देसो व्हायला किमान दहा कुळं (त्याच्याकडून गुरं घेणारे आश्रित) हवीत, पाच मोकळी आणि पाच बांधलेली. कूळ करतात ते गाई देऊन. मोकळ्या कुळाला गाई दिल्या की तो दर तीन गाईंमागे वर्षाला एक गाय या हिशोबाने परतफेड करतो. व्याज जबर आहे, पण तो कधीही गाई परत देऊन सुटू शकतो. बांधलेल्या कुळाला धनी गाईंच्या वर आणखी एक रक्कम देतो, कुळाच्या चेहऱ्याच्या किमतीएवढी. म्हणजे त्याचा चेहराच विकत घेतो. मग त्याच्या अपमानाच्या भरपाईत धन्यालाही वाटा, आणि सुटणं अवघड.

बोआरेकडे दुप्पट गुरं जमली आणि त्याने स्वतःची जादा गुरं देऊन कुळं केली, तर त्याला 'फेर फोथ्लाय' म्हणतात. शेतकऱ्यांच्या रांगेतून निघालेला, सरदारांत न पोचलेला. इथे माशी शिंकते. पैसा आहे, कुळं आहेत, तरी तो सरदार नाही. त्याचा बाप आणि आजाही त्या ऐपतीचे असावे लागतात. तिसऱ्या पिढीला दर्जा पक्का.

खालच्या टोकाला तीनाचा हाच आकडा उलटा फिरतो. एकाच धन्याच्या जमिनीवर तीन पिढ्या आश्रित राहिल्या की पुढचा वंश जमिनीला बांधला जातो, मग सोडून जाता येत नाही.

---

निळावंती · बापरे

तीन पिढ्यांचा नियम वाचून काटा आला. राजा कधी खाली यायचा का?

---

गोधन · Re: बापरे

यायचा, आणि फार क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी. लढाईतून पळाला तर. कवीने त्याच्यावर विडंबन रचलं आणि त्याने ते मुकाट सोसलं तर. मोगरी, कुऱ्हाड किंवा फावडं हातात घेऊन काम करताना दिसला तर त्याच्या चेहऱ्याची किंमत साध्या शेतकऱ्याएवढी. (कुदळफावडे, तुम्ही सदस्यनामातच गेलात.)

एक गंमत राहिली. मुलं दुसऱ्याच्या घरी वाढवायला द्यायची पद्धत होती, फी दर्जाप्रमाणे: ओगारेच्या मुलाची ३ शेद, राजाच्या मुलाची ३०. आणि जेवणही कायद्याने ठरलेलं. सगळ्यांना लापशीच. शेतकऱ्याच्या पोराला पाण्याची किंवा ताकाची आणि वर खारवलेलं लोणी. सरदाराच्या पोराला ताज्या दुधाची आणि ताजं लोणी. राजाच्या पोराला मध. एका चुलीवर तीन ताटं.

---

पेंगुळलेला · शंका

आयरिश 'आरे' म्हणजेच आपला 'आर्य' ना? बोआरे = गो-आर्य?

---

निरुक्त_आणि_नाचणी · Re: शंका

'बो' आणि 'गो' नक्की एक. 'आरे' आणि 'आर्य' मात्र ऐकायला जुळतात म्हणून जुळवू नका. जुनी पुस्तकं जुळवायची. आयरिश ध्वनिबदल पाहिले की 'आरे'ची दुसरी व्युत्पत्तीही तितकीच शक्य ठरते, म्हणून आज बरेच भाषाशास्त्रज्ञ हात आखडता घेतात. आयर्लंड हे नाव त्यावरून आलं, हे तर पूर्ण चूक.

त्यापेक्षा पक्की जोडी देतो. इंग्रजी 'फ्री' आणि जर्मन 'फ्राय', म्हणजे स्वतंत्र, हे संस्कृत 'प्रिय'चे सख्खे भाऊ. ज्यांना घरातली, जिव्हाळ्याची माणसं म्हणायचं ते प्रिय. बाकीचे घरात राहतात पण प्रिय नाहीत. तेच स्वतंत्र आणि परतंत्र. लॅटिन 'लिबेर' आणि ग्रीक 'एलेउथेरोस' यांचं मूळ 'लोक' या अर्थाच्या शब्दाशी, जर्मन 'लॉइट'शी जुळतं. स्वतंत्र म्हणजे आपल्या लोकांतला. गुलामाला मात्र सगळ्यांचा मिळून एक शब्द नाही. दास, दूलोस, सेर्वुस, प्रत्येकाने आपापला केला.

---

चिकित्सक · भारत टाळताय

आयर्लंड-तुर्कस्तान झालं. वैदिक समाजातली उदाहरणं द्या, आणि कृपया 'कारुरहं'वरून 'पूर्वी जात नव्हती' असा निष्कर्ष काढू नका.

---

उंबरठा · Re: भारत टाळताय

नाही काढत. ऋग्वेद ९.११२.३: 'कारुरहं ततो भिषगुपलप्रक्षिणी नना'. मी कवी, बाबा वैद्य, आई जात्या-पाट्यावर दळते. एका घरात तीन धंदे, एवढंच सिद्ध होतं. सूक्ताचा सूरही थट्टेचा आहे. वर्ण ओलांडल्याचा पुरावा म्हणून ते वापरणं म्हणजे त्याच्यावर जास्त ओझं टाकणं.

याहून बळकट दोन. ऐतरेय ब्राह्मण २.१९: सरस्वतीकाठच्या यज्ञसत्रातून ऋषींनी कवष ऐलूषाला हाकललं, 'दास्याः पुत्रः कितवोऽब्राह्मणः', दासीपुत्र, जुगारी, अब्राह्मण. वाळवंटात सोडलं, तहानेने मरावा म्हणून. त्याने तिथे अपोनप्त्रीय सूक्त (१०.३०) पाहिलं, सरस्वती त्याच्याभोवती वाहत आली, आणि ऋषींना त्याला परत बोलवावं लागलं. ही कथा आहे, नोंद नव्हे. पण सूक्त संहितेत त्याच्याच नावावर आहे.

दुसरं, दान. ऋग्वेद ८.४६.३२मध्ये बल्बूथ तरुक्ष या दासाकडून शंभर घेतल्याचं ऋषी स्वतः सांगतो. नाव वैदिक वळणाचं नाही, 'दास' म्हटलंय, तरी स्तुती आहे. गोधन यांचा गोठा इथेही लागू: दिलं की नाव सूक्तात.

---

निरुक्त_आणि_नाचणी · व्रात्य विसरलात

घरात शिरायचा लेखी विधी हवा असेल तर व्रात्यस्तोम, तांड्य ब्राह्मणाचा सतरावा अध्याय.

व्रात्य कोण? 'न हि ब्रह्मचर्यं चरन्ति न कृषिं न वणिज्याम्'. वेदाध्ययन नाही, शेती नाही, व्यापार नाही. टोळीने भटकणारे. सोप्या बोलण्याला अवघड म्हणतात अशीही तक्रार आहे. सरंजाम तपशिलात दिलाय: उष्णीष (पागोटं), प्रतोद (आसूड), ज्याह्रोड (बिनदोरीचं धनुष्य), फळ्या टाकलेला ओबडधोबड रथ, काळं वस्त्र, रुप्याचा निष्क (गळ्यातला दागिना). टोळीच्या म्होरक्याला म्हणतात गृहपति! ज्यांना घर नाही त्यांचा गृहपती.

विधीनंतर हा सगळा सरंजाम टाकून द्यायचा. श्रौतसूत्रं (यज्ञविधींचे सूत्रग्रंथ) सांगतात, मागे राहिलेल्या व्रात्यांना नाहीतर मगधातल्या नावापुरत्या ब्राह्मणाला द्यायचा. मग ते 'व्यवहार्य' होतात, म्हणजे त्यांच्याशी व्यवहार चालतो. मळ कपड्यांसकट दुसऱ्याच्या अंगावर.

---

कुदळफावडे · Re: व्रात्य

अशा तरुण टोळ्या युरोपभर आहेत. आयर्लंडमध्ये फियन: जमीन न मिळालेले तरुण, रानात शिकार आणि लूट करून राहायचे, वारसा मिळाला की घरी परत. धाकट्या भावांची वेटिंग लिस्टच. लांडगा-कुत्र्याशी त्यांचं नातं जोडलेलं असतं. व्होल्गाच्या बाजूला क्रास्नोसमार्स्कोये इथे इसवी सन पूर्व १९०० ते १७००च्या दरम्यानच्या वस्तीत किमान ५१ कुत्रे आणि ७ लांडगे यांची हाडं मिळाली. डोकी कुऱ्हाडीने लहान-लहान तुकड्यांत फोडलेली, बहुतेक जनावरं हिवाळ्यात मारलेली. एरवी कुत्रं न खाणाऱ्या लोकांत. उत्खनन करणाऱ्यांनी हा टोळीत शिरण्याचा दीक्षाविधी मानलाय. मला पटतं, पण दीक्षा कोणाची आणि कोणत्या वयात, हे हाडं सांगत नाहीत.

---

गोधन · एक नाव असलेला माणूस

सगळीकडे नियम झाले, प्रत्यक्ष चढलेला एक दाखवतो. अलालाख, सीरियाच्या सीमेलगत तुर्कस्तानातलं, इसवी सन पूर्व पंधरावं शतक. मितान्नी या उत्तर सीरिया-मेसोपोटेमियातल्या बड्या राज्याच्या छायेतलं राज्य. तिथे रथी योद्ध्यांच्या वर्गाला मर्यन्नु म्हणत, बहुधा वैदिक 'मर्य', म्हणजे तरुण, यावरून. निक्मेपा राजाची एक पाटी आहे: आजपासून कबिया नावाच्या माणसाला मर्यन्नु केलं, मर्यन्नुंची मुलं तशीच कबियाची मुलं, कायमची. शिवाय एन्लिल देवाचं पुजारीपण. म्हणजे योद्धा आणि पुरोहित एकच माणूस, एकाच पाटीवर. तीन मजल्यांचं काय करायचं ते करा.

अलालाखची प्रजा इंडो-युरोपीय नव्हती हे आधीच सांगतो, नाहीतर चिकित्सक येतील. उसना घेतलेला वर्ग म्हणून वाचा.

---

चिकित्सक · Re: एक नाव

आलोच होतो. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

पेंगुळलेला · रोम?

रोमचं कोणीच काही बोललं नाही.

---

उंबरठा · Re: रोम?

उशिराचा मामला आहे, पण दाराचा खेळ तिथेही आहे. बारा पाट्यांच्या कायद्यात (इसवी सन पूर्व ४५१-४५०) बापाने मुलाला तीनदा विकलं तर मुलगा बापापासून मोकळा. घराच्या सत्तेतून बाहेर पडायला तीन विक्र्या. पुढे मुलाला कायदेशीर मोकळं करायला हीच युक्ती खोट्या विक्र्या करून वापरली.

गुलामाला सोडायचा एक प्रकार म्हणजे लुटुपुटुचा खटला. अधिकाऱ्यासमोर तिसरा माणूस गुलामाला काठीने स्पर्श करून म्हणतो, हा स्वतंत्र आहे. मालक काहीच बोलत नाही. अधिकारी तसा निकाल देतो. मालकाचं मौन हीच सुटका. इसवी सन पूर्व ३५७पासून त्यावर किमतीचा विसावा हिस्सा कर. सुटलेला रोमचा नागरिक होतो, पण जुन्या मालकाचा आश्रित राहतो, नावही त्याचंच लावतो. अथेन्समध्ये सुटलेला नागरिक होत नसे, परदेशी रहिवासीच राहायचा.

गोधन यांच्या तीन पिढ्या मला मान्य. दार माणसाला आत घेतं, घराणं मात्र पिढ्यांनी मुरतं. माझं पहिलं विधान तेवढं दुरुस्त करतो.

---

निळावंती · शेवटची शंका

सगळी उदाहरणं पुरुषांची. सासरी जाणाऱ्या बाईचा दर्जा वाढायचा की कमी व्हायचा?

---

कुदळफावडे · Re: शेवटची शंका

दोन्ही दिसतं. लेख खोऱ्यात परत या. बहुतांश प्रौढ बायका बाहेरच्या, काही चारशे ते सहाशे किलोमीटरवरून आलेल्या. त्यांच्या अंगावर भरगच्च शिरोभूषणं, पायात वाळे. कुळातल्या पुरुषांच्या बरोबरीने, मानाने पुरलेल्या. म्हणजे परकी सून खालच्या दर्जाची नव्हती.

पण त्या स्मशानभूमींत या दूरवरून आलेल्या श्रीमंत बायकांची मुलं सापडत नाहीत. एकही नाही. त्यांची मुलं दुसरीकडे वाढवायला पाठवली का, लग्न फक्त दोन मुलखांतल्या सोयरिकीपुरतं होतं का, दोन्ही मतं मांडली गेलीत. आणि कुळातल्या मुली? लहानपणी मेलेल्या आहेत. पंधरा-सोळाच्या पुढची घरची मुलगी एकाही थडग्यात नाही. त्या सगळ्या कोणाच्या तरी स्मशानात परक्या म्हणून पडल्या असणार, पायात वाळे घालून.